न विचारता घेतलेला साचा

हरीदादा,

काल तुझं बारावं झालं. तळवलीला तुझ्या ओटीवर मला मानाने बसवलं, पान वाढलं, आणि मी नुसता भात चिवडत राहिले. वहिनीला वाटलं, मी रडू आवरतेय. तिने पाठीवरून हात फिरवला. तिला काय सांगणार, की मला रडूबिडू येत नव्हतं, धास्ती वाटत होती. जमलेल्यांतलं कुणीतरी आता विचारणार, ‘मास्तरीणबाई, दादांची ती बुद्धमूर्ती तुमच्याकडे मिळते ना?’ इतकी वर्षं या प्रश्नाला मी बेधडक ‘हो’ म्हणत आले. तू होतास तोवर त्या ‘हो’ची निम्मी जबाबदारी तुझ्यावर आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. आता ती सगळी माझ्या एकटीच्या गळ्यात आलीय.

बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर आहे. माझ्या तुर्भ्याच्या शेडमध्ये प्लास्टरच्या चौदा मूर्ती वाळून तयार होत्या; त्यातली एक आज सकाळी गेली, तिचं शेवटी सांगते. चौदाही गिऱ्हाइकांना शब्द दिलेला आहे. सगळ्या तुझ्या दगडी मूर्तीवरून घेतलेल्या साच्यातल्या, आणि चौदाच्या चौदा मूर्तींचे डोळे मिटलेले. उरलेल्या द्यायच्या की नाही, हे मला ठरवता येत नाही. तू असतास तर तुझ्याशी भांडून तरी मोकळी झाले असते.

आपली ओळखही भांडणानेच झाली. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी आमच्या वसाहतीतल्या विहारासाठी काळ्या दगडाची मूर्ती करायची ठरली. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून कारागीर शोधायचं काम माझ्यावर आलं. कुणीतरी तुझं नाव सांगितलं. खाणीत दगड फोडलेला, पाटे-वरवंटे घडवणारा, वेशीवरच्या देवीचा मुखवटा नव्याने करून देणारा तळवलीचा पाथरवट. मी ‘तुम्ही, तुम्ही’ करत माझी चित्रं दाखवत होते, आणि तू चित्रांकडे न बघता विचारलंस, “‘तुमी’ कोनाला बोलतेस? हितं दुसरं कोन हाय?” तेव्हापासून तू ‘तू’ झालास. मग एक चित्र उचललंस, उन्हात धरलंस आणि म्हणालास, “हा मानूस बगतो कुटं?”

मी शिक्षकी थाटात सांगितलं, “आत बघतो.”

“मंग कटिन हाय,” तू म्हणालास. “देवी समोर बगते, तिचं सोपं.”

ती मूर्ती करायला तुला आठ-नऊ महिने लागले. मी शाळा सुटल्यावर बसने यायचे, तुझ्या अंगणात बसायचे. तू काम करताना बोलायचा नाहीस, पण मी बोलले तर तुला चालायचं. मी घरच्या कटकटी सांगायचे, हेडमास्तरांच्या नकला करायचे, आणि मधेच तुझी टाकी थांबली की समजायचं, तुला हसू आलंय. वहिनी सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे करायची. दगड कानाने कसा पारखायचा, ते तू मला शिकवलंस. हातोडीने नुसतं टकटक करायचं. चांगला दगड खणखणीत बोलतो, आतून चिरलेला दगड बद्द बोलतो. पुढे मी बाजारातून पातेलं घेतानासुद्धा टकटक करून बघायला लागले. भांडीवाला वैतागायचा. दादा, एवढं सुखाचं वर्ष मला परत मिळालं नाही.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी मी तुला फसवलं. हा शब्द आज पहिल्यांदा लिहितेय.

विहारातल्या बायका म्हणत होत्या, विहारात एक झाली, पण घरात काय ठेवायचं? कागदी फोटो ओल धरतात, दगडाची मूर्ती कुणाला परवडणार? मला प्लास्टरचं काम येत होतं. मी तुला म्हटलं, “दादा, मूर्ती न्यायच्या आधी तिचा साचा घेऊ का? घराघरात जाईल तुझं काम.” तू बराच वेळ दगडावरची भुकटी पुसत होतास. मग म्हणालास, “बगू.”

मराठी माणसाला ‘बघू’चा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मुलीच्या बापाला ‘बघू’ म्हटलं की तो दुसरं स्थळ शोधायला लागतो. उसने मागणाऱ्याला ‘बघू’ म्हटलं की तो चप्पल घालतो. मला मात्र त्या दिवशी ‘बगू’चा अर्थ ‘हो’ असा ऐकू आला. मला तसा ऐकायचाच होता.

चार दिवसांनी तू वहिनीबरोबर तिच्या माहेरी, करावेला, भाचीच्या हळदीला गेलास. जाताना म्हणालास, “परवा येतो. तवर हात लावू नको, जरा काम बाकी हाय.” मला मूर्ती पुरी झालेलीच दिसत होती. पापण्या, ओठ, चिवराच्या चुण्या, सगळं. मला वाटलं, मागची बाजू किंवा बैठक घासायची राहिली असेल. टेंपो तिसऱ्या दिवशी यायचा होता आणि एकदा मूर्ती विहारात बसली की तिला तेल-साबण फासायला विहाराची कमिटी कशी देणार? मी माझं सामान घेऊन आले. मूर्तीला साबणाचं पाणी लावलं, वर खोबरेल लावलं, आणि तुकड्या-तुकड्यांनी प्लास्टरचा साचा घेतला. दोन दिवस लागले. शेवटी मूर्ती धुऊन, पुसून, होती तशी ठेवली. तू आलास तेव्हा तुला खोबरेलाचा वास आला असणार. तू मूर्तीवरून एकदा हात फिरवलास आणि ती बांधायला घेतलीस.

मग तो दिवस. विहार माणसांनी भरलेला. मूर्ती चौथऱ्यावर बसलेली. तू पिशवीतून सगळ्यात बारीक टाकी काढलीस आणि लोकांना जरा मागे सरायला सांगितलंस. मला वाटलं, काहीतरी किरकोळ असेल. तू मूर्तीच्या तोंडाजवळ तोंड नेलंस आणि मिटलेल्या पापणीखाली टाकी धरून हलकेच ठोकायला लागलास. टिक, टिक, टिक. मग दुसरा डोळा. मग फुंकर मारून भुकटी उडवलीस आणि बाजूला झालास. जरासाच, दोऱ्याएवढा उघडलेला डोळा. पण तेवढ्याने तो सगळा चेहरा जागा झाला. शेजारची म्हातारी “माझे बाबा!” म्हणून रडायला लागली. मी घेतलेल्या साच्यात डोळे मिटलेलेच होते.

तुमच्यात देवीचे डोळे ती जागेवर बसल्यावरच उघडतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे प्राणप्रतिष्ठा नसते, मंत्र नसतात, म्हणून मी ते कधी विचारलंच नाही. दुसऱ्या कुणी साचा घेतला असता तर त्याने आधी चौकशी केली असती. मी स्वतःला शहाणी समजत होते, म्हणून फसले.

त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. ‘दादा, घोटाळा झाला, मी आधीच साचा घेतलाय,’ एवढंच. तू दोन शिव्या दिल्या असत्यास, आणि मूर्ती चौथऱ्यावर असतानाच कमिटीला पटवून दुसरा साचा घेऊ दिला असतास. मी बोलले नाही. पहिली मूर्ती काढली, ती शेजारणीने नेली. मग तिची बहीण आली. मग नेरूळच्या नव्या वसाहतीतून माणसं यायला लागली. आणि गंमत बघ, लोकांना तेच आवडलं. “घरातली कशी शांत वाटते,” म्हणायचे, “विहारातली आपल्याकडे बघते, तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही.” मी हसायचे आणि मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे.

तुला कळलं ते वर्षभराने. कुणाच्या तरी घरी जोत्याचा दगड बघायला गेलास आणि समोर फळीवर ती. तिथून सरळ माझ्या शेडवर आलास. रांगेने ठेवलेल्या मूर्तींसमोर उभा राहिलास.

“या कोनाच्या?”

“तुझ्याच, दादा.”

“माज्या नाय. मी आंदली मूर्ती करत नाय.”

मग मी बोलायला लागले आणि थांबेचना. ही मूर्ती म्हणजे देव नव्हे, आठवण आहे. आमच्यात डोळे उघडायचा विधी नाही. बुद्ध ध्यानात बसलाय, डोळे मिटलेले असले म्हणून काय बिघडलं? तू ऐकून घेतलंस. म्हणालास, “देवाचं कुटं बोलतो मी? कामाचं बोलतो. काम पुरं झालं नवतं. माजं अर्दं काम तू लोकांना दिलंस, आनि वर माजं नाव सांगतेस.”

मी माझं शेवटचं हत्यार बाहेर काढलं. म्हटलं, “ज्यांच्या आज्यांना देवळाच्या पायरीवर उभं केलं नाही, त्यांच्या घरात आज तुझ्या हातचा बुद्ध आहे. दगडाचा एकच राहिला असता. हे कमी आहे का?” मला वाटलं, आता तुझी बोलती बंद होईल. पण तू इतक्या हळू बोललास की मला वाकून ऐकावं लागलं.

“मंग त्यांनाच अर्दं का म्हनून दिलं?”

मी रांगेतल्या मूर्ती उगाच सरळ करत राहिले.

जाता जाता दारात थांबलास आणि म्हणालास, “नव्या शहरासाठी आमची जमीन घेतली तवा आमाला कोनी इचारलं नाय. ते परके होते. तू पन नाय इचारलंस.” तू गेल्यावर मी शेडचं दार लावून घेतलं आणि भर दुपारी खूप रडले. त्या वेळी मला तुझा रागच आला होता, हेही सांगते. वाटलं, म्हातारा माझ्यावर सगळ्या शहराचा राग काढतोय.

आपलं बोलणं पंधरा दिवस बंद होतं. मग तूच आलास, जणू काही झालंच नाही असा, हातात तीच बारीक टाकी. म्हणालास, एका मूर्तीचे डोळे मी उघडतो, तिच्यावरून नवा साचा घे. मला इतका आनंद झाला! मी तुला उजेडात बसवलं, चहा दिला, तू बशीत ओतून प्यायलास. मग टाकी धरून पहिला ठोका मारलास आणि पापणीचा टवका उडाला. दुसरी घेतलीस. तिचा गालच फुटला. तू आपल्या हाताकडे बघत राहिलास. “दगड उलटा जोर देतो,” म्हणालास, “याला जोरच नाय. हात कुटं थांबवू?” आणि हसलास. पण ते हसणं मला आवडलं नाही. आयुष्यभर ज्या हाताने दगड ऐकला, तो हात माझ्या पांढऱ्या भुसभुशीत प्लास्टरपुढे हरला होता. तू टाकी पिशवीत टाकलीस आणि बसची वेळ झाली म्हणालास. बसला अजून तासभर होता.

त्यानंतर मी काय करायला हवं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. कमिटीच्या पाया पडून विहारातल्या मूर्तीवरून दुसरा साचा घ्यायला हवा होता. तू दोनदा आठवण केलीस. दोन्ही वेळा मी तुला काय म्हटलं, आठवतं? ‘बघू.’ आणि तुला त्याचा अर्थ बरोब्बर कळला.

का नाही घेतला? लोक मिटलेले डोळेच मागत होते म्हणून. डोळे उघडे केले तर ‘ही ती नाही’ म्हणतील, या भीतीने. त्यातून तो प्रकार घडला, ज्याची आपण पुढे एका अक्षरानेही चर्चा केली नाही. ठाण्याकडच्या एका विहाराची माणसं तुझ्याकडे दगडी मूर्ती करून घ्यायला आली आणि त्यांनी नमुना म्हणून माझी मूर्ती पुढे ठेवली. “अशीच करा, डोळे मिटलेली.” तू ते काम नाकारलंस. माझ्या चुकीची नक्कल तुझ्या हाताने दगडात करावी, असं मागणं तुझ्या दारात आलं, आणि ते मी पाठवलं होतं. त्यानंतर तू दगडाची एकही मूर्ती केली नाहीस. खोकल्यामुळे, असं सगळे म्हणतात. वहिनीही म्हणते. डॉक्टरांनीही दगडाची धूळ छातीत बसल्याचंच सांगितलं. मला मात्र ते एवढंच असेल याची खात्री वाटत नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

काल जेवणं आटोपल्यावर वहिनीने मला मागच्या पडवीत नेलं. तिथे एका फळकुटावर माझ्या मूर्तींची फुटकी तोंडं ओळीने मांडलेली होती. माझ्या शेडमागच्या ढिगातली. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, “तुजे दादा आनायचे, तू शालंत असशील तवा. दोन वर्सं झाली. टाकी सोरली नि गोनी शिवायचा दाभन घेतला. खोकत खोकत तितंच बसायचे, डोले कोरायचे. मी बोलायची, लहान पोरासारकं काय खेलता? तर बोलायचे, शिकतंय.”

मी ती तोंडं एकेक करून उचलून बघितली. पहिल्यांची पार माती झाली होती. पुढे पुढे रेघ बारीक होत गेलेली. शेवटच्या दोन-तीन तोंडांचे डोळे तसे उघडले होते, जसे विहारातल्या मूर्तीचे. सत्तरीला आलेला माणूस, या पट्ट्यातला सगळ्यात चांगला पाथरवट, माझ्या टाकून दिलेल्या कचऱ्यावर नव्याने हात बसवत होता. आणि मी त्या दोन वर्षांत तुझ्याकडे चार वेळाही आले नाही, कारण तू साच्याची आठवण करशील याची मला धाकधूक होती.

“शिकून दादा काय करणार होता?” मी विचारलं.

“ते मना नाय म्हायती,” वहिनी म्हणाली. “पिशवी घेऊन जायचे कुटंतरी. नेरूलला, जुईनगरला.”

मी तिथून उठले ती घरी न जाता नेरूळला उतरले. सुमनताई माझी जुनी गिऱ्हाईक, मराठवाड्यातून आलेली, नवरा दोन वर्षांमागे गेला. दारातच विचारलं, हरीदादा आले होते का तुमच्याकडे?

“आले होते की,” ती म्हणाली. “मूर्ती बघू द्या म्हणाले. पाणी पिले. म्हणाले, हिचे डोळे उघडायचे राहिलेत, माझीच चूक हाय, आता करून देतो.”

माझीच चूक. दादा, तू तिला असं सांगितलंस.

“मग?”

“मी नको म्हणले. आमचे हे होते तवा त्यांनी आणलेली. मरायच्या आधी लई दिवस तिच्याकडं बघत पडून असायचे. म्हणले, आहे तशीच ऱ्हाऊ द्या. तर दादा लई वेळ मूर्तीकडं बघत बसले. मग म्हणले, ‘मंग हिचं काम पुरं झालं.’ आणि गेले. शेजारच्या दोन घरांत मात्र उघडून दिले डोळे. बघायचेत का?”

मी बघितले. शेजारच्या दोन घरांतले उघडे, सुमनताईच्या मूर्तीचे मिटलेले, आणि सगळेच तुझे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बाहेर येऊन चालायला लागले आणि पुन्हा काळजीने धरलं. ‘काम पुरं झालं’ हे तू सुमनताईला म्हणालास, मला नाही. तू घरोघर जाऊन आधी विचारत होतास. कुणी नको म्हटलं तर टाकी, दाभण, जे असेल ते परत पिशवीत टाकत होतास. मी जे एकदाही केलं नाही, ते तू खोकत, जिने चढत, दारोदार केलंस, आणि माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस. हे मला का सांगितलं नाहीस? मी आले नाही म्हणून? की सांगितल्यावर मी पुन्हा एखादं लांबलचक भाषण ठोकेन म्हणून? तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, हेच मला उमगत नाही.

आज सकाळी शेडवर जुईनगरचे एक गृहस्थ आले. कुठल्याशा ऑफिसात क्लार्क आहेत. पौर्णिमेची गर्दी नको म्हणून आधीच न्यायला आले होते. नेहमीप्रमाणे म्हणाले, “हरीदादांचं काम ना हे? त्यांचं ऐकून वाईट वाटलं.”

माझ्या तोंडात ‘हो’ आलाच होता. तो गिळला आणि सगळं सांगितलं. दगड तुझा, घडण तुझी, पण काम पुरं व्हायच्या आधी मी तुला न विचारता साचा घेतला. डोळे उघडायचे राहिले. ज्याने उघडायचे तो आता नाही. अशीच हवी असेल तर अशी न्या, नको असेल तर माझी तक्रार नाही. शाळेत इतकी वर्षं उभी राहून बोलते मी, पण एवढं खरं एका दमात कधी बोलले नव्हते.

ते गोंधळले. मूर्ती हातात फिरवली. म्हणाले, “मग तुम्हीच उघडा ना, मॅडम. तुम्ही त्यांच्याकडं एवढं बघितलंय.”

मी सुरी घेतली. उघडते म्हटलं तर तुझ्या हाताची नक्कल, नाही म्हटलं तर तुझं अर्धं काम. मूर्ती उजेडाकडे फिरवली. मग डावी रेघ ओढली, मग उजवी. डावा डोळा जरासा खाली आला. तुझा कधी आला नसता. फुंकर मारली. ती मारताना मात्र मला रडू फुटलं, बाराव्याला न आलेलं सगळं. ते गृहस्थ बिचारे दुसरीकडे बघत उभे राहिले.

मूर्ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, “डोळे माझे आहेत. वाकडे झालेत. बाकी सगळं दादांचं. कुणी विचारलं तर असंच सांगा.”

त्यांनी मूर्ती लांब धरून पाहिली, जवळ घेऊन पाहिली. मग मला म्हणाले, “पण चालेल ना हे?”

ते गृहस्थ उत्तराची वाट बघत दारात उभे होते, आणि मागे शेडमध्ये आणखी तेरा मूर्ती. मी त्यांना काय सांगणार होते, दादा? मला तुला हेच विचारायचं होतं.